भागाक्कानं ओतलेली नीळ

भागीरथीबाई निळारी. गावात लहानथोर सगळे तिला भागाक्का म्हणायचे. माझी गौरा आज शाळेत जाते, पळते, माझ्याशी भांडते, ती या बाईमुळं. काय घडलं ते पुढं सांगतेच, पण नाव आधी यायला पाहिजे. सांगण्याच्या भरात नाव मागं राहून जाईल अशी मला धास्ती वाटते.

मी मूळची तामलवाडीची. तिसरीत होते तेव्हा शाळा सुटली. पुढं लग्न होऊन जळकोटच्या पलीकडं, सडकेपासून जरा आत असलेल्या गावी आले. सासरी माग होता. आता गेली काही वर्षं मुंबईत, बंदराच्या अंगाला राहते. आमचे हे गोदीत कामाला आहेत. खोलीच्या मागच्या खिडकीतून समुद्र दिसतो असं म्हटलं की गावाकडच्या माणसाला कौतुक वाटतं. काय दिसतं ते मी सांगत नाही. इथं मी प्यायच्या पाण्याचा आधी वास घेते, मग त्यात बोट बुडवून बघते, मग पोरांना देते. शेजारणी हसतात. ही सवय आक्काची.

आक्काचं घर आमच्या भिंतीला लागून. तिच्या सोप्यात तीन रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. त्यांना ती माठ म्हणायची. नीळ, चुना, गूळ आणि टाकळ्याचं बी घालून ते आंबवलेले असत, आणि त्या वासानं नवख्या माणसाचं डोकं उठायचं. जर्मनीची लढाई सुरू झाल्यापासून विलायती रंगाचे डबे येणं बंद झालं होतं, म्हणून तिनं सासूच्या काळातले रांजण पुन्हा चालू केले होते. मुरवण मात्र तिनं कधीच मरू दिलं नव्हतं. आपण दह्याचं विरजण राखतो तसं एका मडक्यात थोडं थोडं जिवंत ठेवलेलं, तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं.

माठांना तिनं सुनांसारखी नावं दिली होती. थोरली, मधली, धाकटी. सकाळी उठली की आधी त्यांची झाकणं उघडून विचारपूस. “काय गे थोरले, निजलीस का न्हाय?” धाकटीवर तिचा विश्वास नव्हता. “ही माहेरची ओढ असलेली हाय. कवा रुसंल सांगता येत न्हाय.”

हात कोपरापर्यंत निळे. दाराच्या चौकटीवर, ती उठताना जिथं हात टेकायची तिथं, निळा पंजा उमटलेला. तिचा नवरा सोलापूरला सूत विकायला गेला तो तिकडंच राहिला, असं लोक म्हणत. ती कुंकू लावायची, तेही काडीनं, बोट लागलं तर कपाळ निळं होईल म्हणून. कुणी खोचून विचारलंच तर म्हणायची, “त्यो तिकडं हाय म्हनून म्या हिकडं लावते. दोघांचं भागतंय.”

पहिल्यांदा मी आमचं सूत घेऊन तिच्याकडं गेले तेव्हा तिनं लडी माठात बुडवली, दाबली, बाहेर काढली. लडी निघाली ती शेवाळलेली, पिवळट हिरवी. मला वाटलं, सूत वाया गेलं, आता सासूबाई काय म्हणतील. मी रडायच्या बेतात आले. आक्कानं लडी नुसती वाऱ्यावर धरली. बघता बघता हिरव्याची निळी होत गेली, कडेनं आत.

“वाऱ्याला बगून लाजती,” आक्का म्हणाली. “नवी हाय ना, तुझ्यावानी.”

आता तिची एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

निळीचा माठ बिघडतो. फेस बसतो, वास पालटतो, सूत रंग धरत नाही. मग निळारी चुना कमीजास्त करतात, गूळ घालतात, रांजणाभोवती ऊब देतात. एवढं करूनही माठ वळणावर आला नाही तर शेवटचा एकच उपाय. एक धादांत खोटी भुमका, म्हणजे कंडी, उठवायची. ती गावभर फिरून, दुसऱ्याच्या तोंडून, आपल्याच दारात परत आली पाहिजे. ती आली की माठ सुधारतो. हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. तो गावालाही ठाऊक होता, तरी दर वेळी लोक फसायचेच, कारण आक्का सांगायचीच तशी. आवाज खाली, नजर रस्त्याकडं, आणि शेवटी, “माझं नाव घेऊ नगंस.”

मी आले त्याच साली धाकटी रुसली. दुसऱ्या दिवशी गावात कळलं की हैदराबादेहून निजामाचं फर्मान आलंय, घरटी एक मांजर सरकारात जमा करायचं. लेव्हीत वसूल केलेल्या ज्वारीला सरकारी गोदामात उंदीर लागलेत. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एरवी मांजराला काठी घेऊन हाकलणाऱ्या. त्यांनी ते मांजर उचलून मागाच्या खड्ड्यात लपवलं आणि वर टोपली घातली. समोरच्या बसप्पा शेटजींनी आपलं मांजर ज्वारीच्या कणगीत कोंडलं. संध्याकाळी चावडीवरचा शिपाई आक्काच्या दारात उभा. अगदी हळू आवाजात म्हणाला, “आक्का, तुमच्याकडं मांजर असंल तर आजच कुठं लपवा. उद्या मला घ्यायला पाटवतील.”

आक्कानं आत जाऊन धाकटीचं झाकण उचललं. माठ सुधारला होता, वर तांबूस झाक असलेला फेस आला होता. फर्मान खोटं हे कळल्यावर गाव चिडलं, मग हसलं. नंतर कित्येक दिवस तिला बघून लोक विचारायचे, “आक्का, सून आली का घरात?”

अशी ही बाई. तिचं खोटं सगळ्यांना आवडायचं.

गौरा दोन वर्षांची झाली आणि तिचं पोट बिघडायला लागलं. बरी व्हायची, पुन्हा पडायची. अंगावरचं मांस उतरलं, डोळे मोठे दिसायला लागले. आळीत आणखी दोघातिघांची मुलं तशीच. आत्याबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, तुळजापूरला नवस बोलल्या. मी रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून पडायची, श्वास चाललाय का बघत. अजूनही झोपेत माझा हात तिच्याकडं जातो. ती आता मोठी झाली आहे, झिडकारते.

एका दुपारी आक्का रंगवलेलं सूत द्यायला आली. उंबऱ्यात बसली, पाणी मागितलं. गौरा माझ्या मांडीवर होती.

“पोरगी कशानं सुकली गे?”

आत्याबाईच बोलल्या, “नजर. गोरी हाय ना.”

“नजर डोळ्यानं लागती, वैनी. पोटात कशानं शिरंल?” असं म्हणत तिनं तांब्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा घासलं. तिचा चेहरा उतरला.

“चुना लागतोय,” ती म्हणाली.

“तळ्याचं पानी हाय. चुना कुठला येतोय?”

“माजा हाय.”

पाणी न पिताच ती उठली. मी दारातून बघत होते. भर उन्हात ती नालीच्या कडेकडेनं वाकून चालत गेली, आपल्या उंबऱ्यापासून तळ्यापर्यंत, हरवलेली नथ शोधल्यासारखी. बसप्पा शेटजींनी दुकानातून विचारलं, “आक्का, काय सांडलं?”

“तेच बगते,” ती म्हणाली.

आमच्या आळीची नाली पूर्वी चौकातल्या लिंबाखाली मातीत जिरून जायची. घराघरातल्या मोऱ्यांचं आणि परसातलं सगळं तिथंच मुरायचं. पुढं लिंबाखाली चिखल होतो म्हणून शेटजींनी आपल्या हौसेनं चौकापासून तळ्यापर्यंत फरशीची नाली बांधून दिली. गावानं त्यांना नारळ दिला. तरीही घराघरांचं पाणी थोडंच, ते तळ्यापर्यंत न जाता वाटेतच आटून जायचं. पण लढाईनं आक्काचं काम वाढलं, तीन माठ चालू झाले आणि त्यांचं निथळ, चुन्याचं पाणी ती नालीत सोडू लागली. हंडेच्या हंडे. त्यानं नाली तळ्यापर्यंत वाहती झाली, आणि घाटाच्या पायरीशीच तिचं तोंड. त्या पायरीवरून आम्ही सगळ्याजणी प्यायचं पाणी भरत होतो.

“माजं पानी घोडं झालंय,” परत आल्यावर आक्का मला म्हणाली, “आन्‌ आळीची सगळी घान त्याच्यावर बसून तळ्याला चाललीय. पोरीला उद्यापास्नं मळ्यातल्या हिरीचं पानी दे. उकळून दे. म्या आनते.”

आणि ती आणायची. कोस-दीड कोसावरून, रोज, डोक्यावर घागर घेऊन. मी नुसती घागर उतरवून घ्यायची.

पण एका गौरानं काय होणार? आक्का दारोदार गेली. नाली फोडा, आपापल्या परसात खड्डे घ्या, तोवर तळ्याचं पिऊ नका, असं सांगत सुटली. आणि जिथं गेली तिथं लोक गालात हसले.

“आक्का, आज कोंची बिघडली? थोरली का मधली?”

“तिघी बी चांगल्या हायेत.”

“मग तर लईच मोठी भुमका पायजे.”

बसप्पा शेटजी माणूस चांगला. घरात कानडी बोलायचे आणि मन अवघडलं की मराठीत बोलतानाही त्यांच्या तोंडी कानडी यायचं. त्यांनी आक्काला बसायला पाट दिला. “आक्का, तुमी सांगितलं म्हनून म्या मांजर कनगीत घातलं. दोन पोती जवारीची वाट लावली त्यानं. आता फरशी उचल म्हनताव. बेडा आक्का, बेडा. नको.”

“शेटजी, ते खोटं व्हतं.”

“आन्‌ हे?”

“हे खरं हाय.”

“तवा बी तुमी असंच तोंड केलं व्हतं,” शेटजी म्हणाले. ते हसत नव्हते. खरंच त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी आक्का उंबऱ्यात बसली होती. खालच्या आळीची एक बाई लगबगीनं आली आणि म्हणाली, “आक्का, ऐकलंव का? तळ्यात म्हनं मोऱ्यांचं पानी उतरलंय. लोक बी काय काय उठवत्यात.”

ती गेल्यावर आक्का माझ्याकडं वळली. “फिरून दारात आलं बग. माठाला बरंच व्हईल आता.” हसली. पण चौकटीवरच्या पंज्यावर तिचा हात तसाच टेकलेला होता, तिला उठवत नव्हतं.

नागपंचमी तोंडावर आली होती. लुगड्यांच्या सुताचं काम तिच्याकडं साचलेलं, आणि तिन्ही माठ असे लागले होते, रंगाला चढले होते, की झाकण उचललं की फेसावर तांबूस झाक चमकायची. तसे माठ तिनंही फार कमी वेळा बघितले होते. सकाळी, घाटावर बायकांची गर्दी असते त्या वेळी, मला भिंतीपलीकडून आवाज आला. मी बाहेर आले. आक्का धाकटीतून घागर भरून नालीत ओतत होती. मग दुसरी. धाकटी रिती झाली तेव्हा मधली. मी धावले.

“आक्का, काय करताव? सूत कशात रंगवणार?”

“बाजूला सर.”

“थोरली तरी ठेवा. मुरवण तरी ठेवा.”

“ठेवलं तर म्हनतील, बिघडलेलं तेवढं ओतलं,” ती म्हणाली. आणि मुरवणाचं मडकंही तिनं पालथं केलं. त्या वेळी तिनं डोळे मिटले होते.

तिच्या दारातून पाणी निघालं ते पिवळट हिरवं. आमच्या दारापुढं आलं तेव्हा कडा निळ्या झाल्या. शेटजींच्या दुकानापुढं ते गर्द निळं होतं. लोक उठून उभे राहिले. चांगली नीळ निळारी फेकत नाही, बिघडलेलीला असा रंग येत नाही, हे आमच्या कोष्टी-निळाऱ्यांच्या गावात पोरासोरालाही कळत होतं.  सगळी आळी त्या निळ्या धारेबरोबर चालायला लागली, पुढं धार, मागं माणसं. परसापरसातून येणारी घाण निळी होऊन तिच्यात मिसळताना दिसत होती. फरशीवरून धार घाटाशी गेली आणि पायरीजवळ पाण्यात उतरून पसरली. आमची एक शेजारीण कळशी बुडवून उभी होती. तिच्या कळशीभोवती निळं आलं. तिनं कळशी तिथंच सोडून दिली.

पलीकडच्या काठावर वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायका पाणी भरायच्या. त्याही उभ्या राहून बघत होत्या. निळं हळूहळू त्यांच्याकडंही सरकत होतं.

आक्का मागून आली. रिती घागर कडेवर. “त्या काठाला भरत्यात, त्यांच्या घरात पोरांचं हे दुखनं कवापास्नं चाललंय,” ती म्हणाली. “आपल्या आळीत कुनी इचारलं न्हाय. म्या बी न्हाय.”

बसप्पा शेटजींनी पायताण काढलं, धोतर वर खोचलं, आणि स्वतःच्या हातानं पहिली फरशी उचलली. फरशीखालची माती त्यांच्या शर्टावर उडाली. ते म्हणाले, “यव्वा, म्या नारळ घेतला हो ह्याच्यासाटी.”

त्या पावसाळ्यात घरोघरच्या परसात खड्डे झाले, दगडगोटे भरले, कडेला केळी लागल्या. नाली लिंबापाशीच तोडली. तळ्याकाठी, दोन्ही अंगांना, वाळूत झरे खणले. गौरा सावकाश बरी झाली. पहिल्यांदा तिनं भाकरी मागितली तेव्हा मी भिंतीवरून हाक मारून आक्काला सांगितलं. ती पलीकडून म्हणाली, “दे की मग. मला काय इचारतीस?” 

तिनं माठ पुन्हा घातले. टाकळ्याचं बी, गूळ, चुना, सगळं तेच. नीळ नुसती तळाला बसायची. जुनं मुरवण नव्हतं. मी म्हटलं, “आक्का, एखादी उठवा की.” तिनं बघितलं उठवून. जळकोटच्या सडकेवर हत्ती आलाय, एवढंच सांगितलं. बसप्पा शेटजींनी तडक दुकान बंद केलं आणि नातवंडांना घेऊन, केळ्यांचा घड बरोबर घेऊन, बैलगाडीनं निघाले. दिवस कलताना परत आले. घड तसाच. आक्काच्या दारात थांबून ओशाळ्या आवाजात म्हणाले, “आमालाच उशीर झाला आक्का. पुढं गेला असंल.”

त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं. आक्कानं त्यांच्या नातीचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली, “व्हय, गेला असंल.”

त्यानंतर तिनं कधी खोटं सांगितलं नाही. “कसं सांगू गे,” ती मला म्हणाली. “आता खरं धरत्यात.” माठ काही लागले नाहीत. ती शेटजींकडं धान्य निवडायला जायला लागली. तिच्या हातांचा रंग उतरत गेला. आधी कोपर, मग मनगट. आपल्याच हाताकडं ती कधी कधी परक्याच्या हातासारखी बघायची. पण पाणी घेताना बोट बुडवणं सुटलं नाही.

पुढं रझाकारांची धामधूम झाली, मग फौज आली, निजामाचं राज्य गेलं. त्या गडबडीत सूत मिळेना, आमचा माग बंद पडला आणि ह्यांनी मुंबईचं ठरवलं. निघायच्या दिवशी आक्का सडकेपर्यंत आली. मोटार यायची होती. तिनं कमरेला खोचलेली चंची सोडून निळ्या सुताचा एक धागा काढला, शेवटच्या रंगवणीतला, आणि गौराच्या मनगटाला बांधला. तिच्या बोटांकडं मी बघत होते. नखांच्या कडांना तेवढी निळाई उरली होती.

“समिंदर निळा असतोय म्हनत्यात,” ती म्हणाली. “येवढं पानी निळं, आन्‌ कुनी माठ लावला न्हाय. हात बुडवून बग, रंग लागतोय का. आन्‌ मला सांग. तू सांगशील ते म्या खरं धरीन.”

मोटार सुटली तेव्हा ती सडकेच्या कडेला उभी होती. हात वर केला होता. तो पांढरा हात ओळखायला मला क्षणभर लागला.

आमच्या चाळीच्या मागं एक मोठा नळ समुद्रात सुटतो. चाळींचं, गिरण्यांचं, सगळं त्यातून येतं. तिथं बंदराचं पाणी काळं आहे, ओहोटीला त्याचा वास खोलीत शिरतो, आणि भरतीला चाळीतली पोरं त्यातच डुंबतात. मी बायकांना सांगितलं, यानंच पोरांची पोटं जातात. त्या म्हणाल्या, “समुद्र केवढा, त्याला काय होतंय?” मी वॉर्डाच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं विचारलं, “बाई, शिक्षण किती?” मी तिसरी म्हटलं. त्यानं बसा म्हटलं आणि मी दिवसभर बसले. पुन्हा गेले, पुन्हा बसले. माझ्याकडं ओतायला माठ नाही. या नळाला तोंड आहे एवढं दिसतं, मागं कुणाकुणाची दारं आहेत ते दिसत नाही.

परवा गावाकडचा एकजण येऊन गेला. म्हणाला, “भागाक्का इचारत व्हती, हात बुडवला का म्हनून.” मी चहा टाकायला उठले.

आक्का, उत्तराला उशीर होतोय. मी कचेरीत जाणं सोडलेलं नाही. आता माझ्याबरोबर शेजारच्या दोघी येतात. ज्या दिवशी या नळाचं तोंड बंद होईल, त्या दिवशी मी निरोप धाडणार नाही, स्वतः गावी येईन आणि तुम्हांला घेऊन इथं येईन. पायऱ्या उतरून तुम्हीच हात बुडवा, कोपरापर्यंत. माझ्याकडून तुमचं काही फिटलं तर ते एवढ्यानंच फिटेल. तोवर समुद्र निळा आहे असं मी तुम्हांला कळवणार नाही.